कोरी बाटली

निगुडकरजींच्या हातात कायम एक निळी नायलॉनची पिशवी असायची, आणि तिच्यात काय आहे हे खाण्याच्या वेळी कोणी विचारू नये एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा होती. पण इंदुरात खाण्याची नाही अशी वेळ सापडणं कठीण. पोलोग्राउंडच्या कोपऱ्यावर आम्ही पोह्यांच्या प्लेटी घेऊन उभे असायचो, पिशवी त्यांच्या दोन पायांच्या मध्ये, आणि कोणीतरी ओळखीचा निघायचाच.

"काय निगुडकरजी, काय घेऊन जाऊन राहिले?"

"भेरूलाल आहे," ते शांतपणे सांगायचे. "आणि सलीम आहे. आणि दोन यादव."

समोरचा आधी पिशवीकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी पोह्यांवरची शेव चमच्याने इकडची तिकडे करत बसायचे. मग निगुडकरजी जरा वाकून, आवाज खाली आणून म्हणायचे, "चोवीस घंट्यांचे आहेत. पूर्ण." एवढ्यावर तो माणूस समजल्यासारखं करून निघून जायचा.

पिशवीत बाटल्या असायच्या आणि बाटल्यांत कामगारांची चोवीस तासांची लघवी. हे एकदाचं सांगून टाकते, कारण ती टाळून निगुडकरजींबद्दल लिहायचं म्हणजे लिहायलाच नको. पोलोग्राउंडजवळ एक कारखाना आहे. तिथे समुद्रकाठची जड वाळू पोत्यांतून येते, ती पिठासारखी बारीक दळतात, आणि ते पीठ टाइलींच्या चकाकीसाठी आणि ओतकामाच्या साच्यांसाठी बाहेर जातं. त्या वाळूत युरेनियम आणि थोरियम अगदी थोडं, मुळातच असतं. वाळू पडून असते तोवर कोणाला फारसा त्रास नाही. तिचं पीठ झालं की मात्र ते उडतं, नाकातून छातीत जातं, आणि तिथून रक्तात उतरेल तेवढं लघवीवाटे थोडंथोडं बाहेर पडतं. कोणाच्या आत किती गेलं हे शोधायचं तर तिथेच शोधावं लागतं. आमच्या छोट्या खाजगी प्रयोगशाळेकडे हे काम होतं, आणि हे काम म्हणजे निगुडकरजी.

मी लग्न होऊन साताऱ्याहून इंदुरात आले. दहा वर्षं पाण्याच्या तपासणीत काढून मग या प्रयोगशाळेत लागले. पहिल्या दिवशी निगुडकरजींनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही आधी काय करून राहिल्या होत्या?" मी मनात म्हटलं, या माणसाचं मराठी कोणीतरी हिंदीच्या डब्यात घालून हलवलेलं आहे. वर्षभरात मीच साताऱ्याला फोनवर आईला "काय करून राहिलीस?" विचारलं, आणि आईने पलीकडून विचारलं, "कोण बोलतंय?"

ते उंचीने बेताचे, अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. वडील कापड गिरणीत कारकून होते. गिरणी गेली, वडील गेले, पण जुनी इंदूर भागातलं दोन खोल्यांचं घर आणि सुवाच्य अक्षर तेवढं राहिलं, असं ते सांगायचे. बाटल्या ते स्वतः सियागंजच्या बाजारातून आणायचे. दुकानदारासमोर बाटलीत पाणी भरून, झाकण लावून ती उलटी धरायची आणि घड्याळ बघत उभं राहायचं. एका नव्या दुकानदाराने विचारलं, "बाबूजी, घी भरोगे के तेल?" निगुडकरजी म्हणाले, "इससे भी महंगी चीज है, भिया. एक बूंद नहीं गिरनी चाहिए." तो बिचारा अत्तराचा व्यापारी समजून त्यांना खुर्ची द्यायला लागला.

मी आल्या आल्या त्यांना शहाणपणा शिकवायला गेले होते. कारखान्यात हवा ओढून धूळ पकडणारं यंत्र बसवलेलं होतं. मी म्हटलं, धूळ तिथेच मोजता येते, मग या बाटल्यांचा खटाटोप कशाला?

"मॅडम, तुम्ही बोलून राहिल्या ते बरोबर आहे," ते म्हणाले. माझं चुकलं असलं की ते अशीच सुरुवात करायचे. "पण मतलब असं आहे की मशीन हवेचं सांगते. माणसाच्या आत किती गेलं ते माणूसच सांगेल ना? आणि तो तोंडाने तर सांगणार नाही."

तोंडाने काय, बाटलीनेही माणसं सरळ सांगत नाहीत, हे मला पुढच्याच महिन्यात कळलं. पोती भरणाऱ्या सहा जणांच्या सहा बाटल्या आल्या. सहाही काठोकाठ, आणि सहाही झगझगीत पिवळ्या. निगुडकरजींनी त्या खिडकीत ओळीने मांडल्या, चष्मा वर केला, खाली केला, आणि पिशवी उचलून तडक कारखान्यात गेले. मी मागोमाग.

"क्यों भिया," त्यांनी सहा जणांना उभं करून अगदी काळजीने विचारलं, "छहों के मुंह में एक साथ छाले हो गए? छहों को एक ही गोली?"

सगळे जमिनीकडे बघायला लागले. मग एकेक नजर हळूच फाटकाकडे गेली. फाटकावर पन्नालाल चौकीदार बसलेला होता, आणि तोंड आल्यामुळे तो आठवडाभर लघवी पिवळी करणाऱ्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खात होता. पन्नालाल उठून उभा राहिला. "बाबूजी, म्हारी कंई गलती? ये बोले, साफ आदमी चाहिए."

निगुडकरजी रागावले नाहीत. त्यांना कारण ठाऊक होतं. आकडा ठरलेल्या रेघेच्या वर गेला की त्या माणसाला धुळीतून काढायचं, डॉक्टरकडे पाठवायचं, असा नियम होता. कामगारांना तो नियम शिक्षेसारखा वाटायचा. एकदा काढलं की परत घेतील याचा काय भरवसा? म्हणून त्यांनी आपसात विचार करून एक साफ माणूस शोधला होता. सहा जणांत सगळ्यात वयस्कर भेरूलाल. दांडगा, पांढऱ्या मिशांचा, त्याचा शब्द बाकीचे मानायचे. तो म्हणाला, "बाबूजी, आप तो शीशी लेके चले जाओगे. आप खुद की भरोगे तो हम भी भरेंगे."

"भरूंगा," निगुडकरजी म्हणाले. "मेरी पहले देख लेना."

आणि ते खरोखर भरायला लागले. दर सोमवारी स्वतःची बाटली घेऊन गोदामात जायचे, ती सर्वांच्या देखत टेबलावर ठेवायचे, आणि मग तिथेच बसून एकेकाची बाटली घ्यायचे, प्रत्येकाशी बोलायचे. भेरूलाल चहा सांगायचा. तोंडावरचा मास्क गळ्यात ओढून निगुडकरजी तो चहा प्यायचे. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर 'यहां खाना-पीना मना है' अशी पाटी होती, आणि ती त्यांच्याच सुवाच्य अक्षरातली होती. मी एकदा पाटीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, चहाला नाही म्हटलं तर बाटली येत नाही." मला हे बरोबर वाटलं नाही, पण बाटल्या मात्र खऱ्या यायला लागल्या होत्या. मीही गप्प बसले.

ती त्यांची स्वतःची बाटली आमच्या आणखी एका उपयोगी पडायची. युरेनियम थोडंफार सगळ्यांच्याच लघवीत असतं. पाण्यातून येतं, अन्नातून येतं. म्हणून धुळीत न जाणाऱ्या, तेच नळाचं पाणी पिणाऱ्या माणसाचा नमुना घ्यायचा, त्याचा आकडा कामगाराच्या आकड्यातून वजा करायचा, आणि उरेल ते धुळीचं धरायचं. या नमुन्याला बाकी सगळे ब्लँक म्हणायचे, निगुडकरजी म्हणायचे कोरी. सुरुवातीला जुनी इंदूरमधले सात शेजारी कोरी बाटली द्यायचे. मग एकाच्या मुलाचं लग्न निघालं, घरात पाहुणे असताना न्हाणीघरात नावाची चिठ्ठी लावलेली बाटली बरी दिसत नाही म्हणून तो गळला. दुसऱ्याच्या सुनेने बाटली फेकून दिली. तिसऱ्याला कोणीतरी सांगितलं की निगुडकर हे दवाखान्यांना विकतो. होता होता सातातले सातही गेले आणि कोरी म्हणून एकटे निगुडकरजी उरले. रजिस्टरात प्रत्येक पानावर सगळ्यात वर त्यांचं नाव असायचं, आणि 'काम' या रकान्यात लिहिलेलं असायचं, कोरी.

त्यांच्याविषयी सांगायची गोष्ट म्हणजे ते शून्य लिहीत नसत. एखाद्याच्या बाटलीत वजाबाकीनंतर काहीच उरलं नाही तर रजिस्टरात ते 'दिसलं नाही' असं लिहायचे. कारखान्याच्या मॅनेजरला हे खटकायचं. तो एकदा रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आला. "निगुडकरजी, सीधा निल लिखो ना यार. पार्टी को दिखाना पड़ता है."

"निल मैंने कहां देखा?" निगुडकरजी म्हणाले. "मशीन को नहीं दिखा, बस. मशीन को तो बहुत कुछ नहीं दिखता."

तो गेल्यावर मी म्हटलं, इतकं काय अडतं? एकच तर शब्द आहे. तेव्हा ते जरा तापले. "मॅडम, शून्य म्हटलं की माणूस बघणं बंद करतो. दिसलं नाही म्हटलं की दुसऱ्या सोमवारी पुन्हा बघतो."

घरीही हेच. त्यांच्या पत्नी, सुलभाकाकू, जेवताना विचारायच्या, "भाजीत मीठ कमी आहे का हो?" हे म्हणायचे, "दिसलं नाही." काकू म्हणायच्या, "बघत काय बसला आहात, खाऊन सांगा." मी स्वतः ऐकलेलं आहे हे.

भेरूलालच्या बाबतीत मात्र दिसायचं. तो पोती भरण्याच्या तोंडाशीच उभा राहायचा, त्यामुळे त्याचा आकडा नेहमी इतरांपेक्षा मोठा. दर सोमवारी तो विचारायचा, "बाबूजी, साफ है के नी?" आणि निगुडकरजी सांगायचे, "थोड़ा है. लाइन के नीचे है." भेरूलाल मिशीवरून हात फिरवायचा आणि कामाला लागायचा. कित्येक सोमवार हे दोघे हेच बोलले.

मग आमच्याकडे नवीन यंत्र आलं, आणि जुन्या रजिस्टरांतले सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. आकडे चढवल्यावर आलेख काढता येतो, म्हणून मी काढला. कामगारांचे काढले, आणि सहज म्हणून कोरीचाही काढला.

कोरीची रेघ सरळ यायला हवी होती. ती चढत होती. एका महिन्यात चढलेली दिसू नये इतकी हळू, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चढतच होती. मी कागद छापला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. तीन दिवस ठेवला. खोटं कशाला सांगू, त्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि मला वाटलं, हा कागद हरवला तर कोणाचं काय बिघडेल? पण कोणाचं बिघडेल ते मला चांगलं माहीत होतं. कोरीतच धूळ आली असेल तर वजाबाकी जास्त होत होती. म्हणजे सगळ्यांचे आकडे आम्ही खरे होते त्यापेक्षा कमी सांगत होतो. चौथ्या दिवशी मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, खालून वर. "पाणी असेल," ते म्हणाले. "उन्हाळ्यात आमच्याकडे बोरिंगचं येतं." मग चष्मा काढून पुसला. "नाही मॅडम. असेल-बिसेल चालणार नाही. काकूंची घेऊ."

संध्याकाळी मला काकूंचा फोन. "चौतीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही ग. आज घरी आले, चप्पल काढली नाही, आणि हे मागून राहिलेत!" पण दुसऱ्या दिवशीची एक अख्खी दिवसरात्र त्यांनी दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी कापडी पिशवीत रुमालाने घट्ट बांधलेली बाटली आली, आणि शेजारी तशाच बाटलीत माझ्यासाठी लिंबाचं लोणचं. वर चिठ्ठी, 'नाव वाचून उघडा.'

निगुडकरजींनी मला हात लावू दिला नाही. सगळं स्वतः केलं. काकूंचा आकडा आला तो थेट तिथे, जिथे निगुडकरजींच्या स्वतःच्या पहिल्या बाटलीचा होता. पाणी दोघांचं एक, जेवण एक, घर एक. काकू गोदामात जाऊन चहा पीत नव्हत्या, एवढाच फरक.

ते स्टुलावर बसून राहिले. मला वाटलं होतं ते काहीतरी सबब काढतील, निदान एखादी तरी. मला ती हवी होती. ते म्हणाले, "म्हणजे मीही साफ आदमी नव्हतो, मॅडम." पन्नालालचा शब्द त्यांनी इतकी वर्षं ध्यानात ठेवला होता.

दोन दिवस बसून त्यांनी काकूंचा आकडा धरून सगळी वजाबाकी नव्याने केली. पाच जणांचे आकडे वाढले, पण रेघेच्या खाली राहिले. भेरूलालचा रेघेच्या वर गेला. एकदा नाही, गेली दोन वर्षं सारखा वर होता. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ज्याला धुळीतून काढायला हवं होतं त्याला आम्ही दर सोमवारी 'लाइन के नीचे' सांगून परत तिथेच उभं करत होतो.

आमच्या डायरेक्टरसाहेबांनी आकडे बघितले आणि म्हणाले, "फरक कितीसा आहे? पुढच्या रिपोर्टपासून नवीन ब्लँक धरा. मागचं कोण उघडून बघतंय?" निगुडकरजी म्हणाले, "मी बघून राहिलो ना, सर." त्यांनी कारखान्याला पत्र लिहिलं. डायरेक्टरसाहेबांनी त्यात 'तांत्रिक कारणामुळे' असं घातलं. निगुडकरजींनी ते खोडून लिहिलं, 'ही चूक खाली सही करणाऱ्याची आहे,' आणि खाली सही केली. ते अक्षर तेव्हाही सुवाच्यच होतं, आणि मला ते बघवलं नाही.

नुसतं पत्र गेलं असतं तर भेरूलालला ते मॅनेजरकडून कळलं असतं. निगुडकरजींना ते नको होतं. ते पत्राच्या आधी स्वतः गेले. मी बरोबर होते. भेरूलाल वजनकाट्यापाशी होता. आम्हाला बघून त्याने चहासाठी हाक मारायला तोंड उघडलं, तर निगुडकरजींनी हाताने थांबवलं. मास्क त्यांनी आज उतरवला नव्हता.

"भेरूलाल, बोरी तौलते हो तो बारदाना काटते हो ना?"

"काटनो पड़े, बाबूजी." रिकाम्या पोत्याचं वजन आधी वजा करायचं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

"तुम्हारी शीशी में से मैं अपनी काटता था. मैं बारदाना था." ते थांबले. मास्कच्या आतून त्यांचा श्वास ऐकू येत होता. "खाली बोरी में ही माल भर गया था, भेरूलाल. मैंने देखा नहीं."

भेरूलालने काट्याकडे बघितलं. डायरेक्टरसाहेबांना जे समजायला अर्धा तास लागला होता ते त्याला तेवढ्यात समजलं. "तो म्हारो माल कम दिख्यो."

"कम दिखा. लाइन के ऊपर था."

"कब से?"

"दो साल."

"दो साल, बाबूजी?"

त्याने एवढंच म्हटलं. ओरडला असता, शिवी दिली असती, तर बरं झालं असतं. त्याने खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले, बराच वेळ पुसले, आणि आमच्यामधून वाट काढत बाहेर निघून गेला. निगुडकरजी काट्यापाशीच उभे होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मात्र भिंतीवरच्या आपल्या पाटीकडे बघत होते.

भेरूलाल आजारी नव्हता, हेही सांगते. डॉक्टरने छाती बघितली, मूत्रपिंडाच्या तपासण्या केल्या, आणि धुळीपासून लांब राहा, दर महिन्याला आकडा दाखवा, असं सांगितलं. त्याला फाटकावर पन्नालालच्या जोडीला बसवलं. पण त्याने बाटली द्यायचं बंद केलं. धुळीतून बाहेर आल्यावर आकडा उतरायला हवा. तो उतरतोय की नाही हे मोजल्याशिवाय कळणार कसं? मी दोनदा गेले. तो म्हणाला, "मॅडम, अब की बार किसको काटोगे?" माझ्याजवळ काकूंचं उत्तर होतं, पण ते त्याला ऐकायचं नव्हतं.

निगुडकरजी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. रजिस्टर मागून घेतलं, सगळ्यात वरचं आपलं नाव खोडलं, आणि खाली कामगारांच्या यादीत सातवं म्हणून लिहिलं. 'काम' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'गोदामात चहा पिणे.' मला हसूही आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "चेष्टा करून राहिलात का?" ते म्हणाले, "नाही मॅडम. काम तर हेच केलं ना मी."

त्यानंतर दर सोमवारी ते जुनी इंदूरहून निळी पिशवी घेऊन कारखान्याच्या फाटकावर यायचे आणि भेरूलालच्या बाकावर, दुसऱ्या टोकाला बसायचे. पिशवीत दोन बाटल्या. एक त्यांची भरलेली, एक भेरूलालच्या नावाची रिकामी. भेरूलाल बोलायचा नाही. हे मागायचे नाहीत. तासाभराने उठून आपली बाटली आमच्याकडे द्यायचे आणि रिकामी घरी परत न्यायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. पन्नालाल मला म्हणाला, "मैडम, दोनों को देख के म्हारो जी घबरावे."

मग एका सोमवारी सकाळी प्रयोगशाळेच्या जिन्यावर दोन माणसांच्या पायांचे आवाज आले. पुढे भेरूलाल होता आणि निळी पिशवी त्याच्या हातात होती. मागून निगुडकरजी एकेक पायरी चढत येत होते. भेरूलालने टेबलावर दोन भरलेल्या बाटल्या ठेवल्या आणि निगुडकरजींच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "बाबूजी आज जरा कम है."

निगुडकरजी मनापासून हसले. मी त्यांना असं हसताना फार दिवसांनी बघत होते. भेरूलाल काही हसला नाही. तो माझ्याशी बोलत होता, पण सांगत त्यांना होता. "चाय तो म्हने ही पिलाई थी," तो म्हणाला. "हर सोमवार पिलाई."

पुढच्या सोमवारी दोघे आकडा विचारायला आले. मी भेरूलालचा कागद काढला. निगुडकरजी काउंटरच्या पलीकडच्या बाजूला उभे होते, जिथे मी त्यांना कधी उभं बघितलं नव्हतं. त्यांनीच विचारलं, "मॅडम, साफ आहे का?" इतक्या सोमवारी जो प्रश्न ऐकला होता तो आता त्यांना विचारावा लागत होता. त्या दोघांना बरं वाटेल असं काहीतरी सांगावं असं मला फार वाटलं.

"दिसतंय," मी म्हटलं. "अजून लाइनच्या वर आहे. पण उतरतंय."

भेरूलालने मिशीवरून हात फिरवला. निगुडकरजींनी कागद मागून घेतला, वजाबाकी स्वतः एकदा करून बघितली, आणि मान हलवून परत दिला. मी खिडकीतून बघत होते. रस्त्यावर पिशवी कोणी धरायची यावर त्यांची थोडी ओढाताण झाली आणि ती भेरूलालने जिंकली. मग ते दोघे पोह्यांच्या गाडीकडे वळले. माझ्या डोळ्यांसमोर निगुडकरजी येतात ते असेच, पाठमोरे, रिकाम्या हातांनी, आणि ते रिकामे हात कुठे ठेवावेत हे न कळलेले.

त्याच थंडीत ते गेले. रात्री जेवून झोपले आणि सकाळी उठले नाहीत. हृदयाचं निमित्त झालं, धुळीचा काही संबंध नाही, असं डॉक्टरने सांगितलं. काकूंनी मला विचारलं, तेव्हा मीही तेच सांगितलं.

तेरावा झाल्यावरच्या सोमवारी भेरूलाल एकटा जिना चढून आला. हातात निळी पिशवी. त्याने आपली बाटली टेबलावर ठेवली आणि शेजारी दुसरी ठेवली. ती रिकामी होती. काकूंनी ती स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, झाकण घट्ट लावून त्याच्याकडे दिली होती. निगुडकरजींच्या हातची, त्यांच्याच नावाची चिठ्ठी अजून तिच्यावर होती.

"बाबूजी को भी लिख लो," भेरूलाल म्हणाला.

मी रजिस्टर उघडलं. सातवी ओळ. नाव, निगुडकर. काम, गोदामात चहा पिणे. आकड्याचा रकाना रिकामा होता, आणि भेरूलाल समोर उभा राहून माझ्या पेनाकडे बघत होता. शून्य लिहायला माझा हात धजला नाही. मी लिहिलं, दिसले नाहीत.